कप्प्याचं पहिलं पान

३ फेब्रुवारी

टिटवे,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात वेगळे मोजत नाही.

मामाचं कागदावरचं पत्र बघून दचकू नकोस. फोन बिघडलाय. मेलवर मी कामापुरतं लिहितो, घरचं लिहीत नाही, कारण ते तुझ्याकडे पोचण्याआधी तिसऱ्याच कुणाच्या कपाटात जाऊन बसतं. तुला हे खूळ वाटेल. तुझ्या मामीलाही वाटायचं. पण याच खुळावर मी वीस वर्षं घर चालवलंय.

खुळाचं नाव तुला माहीत आहे, कप्पा. लहान दुकानांसाठी मी लिहिलेला प्रोग्राम. माल, बिलं, गिऱ्हाइकांची नावं, सगळं त्या दुकानदाराच्याच संगणकात राहतं. इंटरनेट नसलं तरी त्याचं अडत नाही. एकदा घेतला की तो तुमचा, पुन्हा आमच्या दारात यायला नको. ही त्याची थोरवी, आणि तुझ्या आईच्या मते हाच त्याचा गाढवपणा.

मामी गेल्याला दोन वर्षं झाली. या दोन वर्षांत नवीन एकही माणूस आला नाही आणि जुन्यांपैकी कुणी साधी चिठ्ठी टाकली नाही. वेबसाइटच्या जागेची मुदत जूनअखेर संपते. ती वाढवू नये, कप्पा मिटवून टाकावा, असं मनात आहे. मग तुम्ही दिवसभर करणार काय, असं विचारू नकोस, मीही स्वतःला विचारलेलं नाही.

तुझी आई मध्ये येऊन गेली. म्हणाली, मेल्या पानांना जिवंत करणं हाच तुझ्या भाचीचा धंदा आहे. तर कप्प्याच्या वेबसाइटच्या पहिल्या पानाचं एकदा तोंड धुऊन बघ. त्यानं कुणी आलं तर ठीक, नाहीतर दुकान बंद. पानाची छापील प्रत सोबत आहे. हो, छापील. दात काढू नकोस.

तुझा मामा

---

१४ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार केलाय. खुर्चीतूनच केलाय, पण मनापासून.

छापील वेबसाइट! आमच्या ऑफिसात दाखवली तर लोक तिकीट काढून बघतील. मी ती भिंतीवर लावलीय आणि येता-जाता शिव्या घालते. मथळा काय तर म्हणे ‘माहितीच्या स्वामित्वाशी तडजोड न करणारी सर्वंकष व्यवहार-व्यवस्थापन प्रणाली’. मामा, यात माणसानं श्वास कुठे घ्यायचा? त्याखाली संगणकाचा तो निळा डबा, डब्यावर कुलूप, कुलपावर ढाल. एवढी भीती घातल्यावर दुकानदार कप्पा घ्यायचा सोडून दुकानालाच टाळं लावेल.

मी म्हणते, मथळा इतकाच ठेवू: ‘तुमच्या दुकानाची माहिती तुमच्याच दुकानात.’ बस. खाली कप्प्याच्या खऱ्या पडद्याचं एक चित्र. खाली एकच बटण. आणि खाली वापरणाऱ्यांची दोन-चार वाक्यं, त्यांच्याच शब्दांत. लोक तुमच्यामाझ्यावर विश्वास ठेवत नाहीत, दुसऱ्या दुकानदारावर ठेवतात.

म्हणून विचारते. कप्पा किती जण वापरतात? कोण? काय म्हणतात? आणि तुमचा नंबर कुठे गेला? मी पान उलटून मागेसुद्धा बघितलं. वर ठळक अक्षरात ‘संपर्क’ लिहिलंय आणि खाली मोकळं मैदान. या, बसा, पण घरात कुणी नाही, असा तो प्रकार आहे.

उत्तर वरच्या पत्त्यावर पाठवा, जुन्या नको. घर बदललंय. चांगलं आहे, उजेड भरपूर.

तुमची टिटवी

---

२५ फेब्रुवारी

टिटवे,

एका पत्रात किती प्रश्न विचारावेत याला काही सुमार?

किती जण वापरतात? ठाऊक नाही. ठाऊक होऊ नये अशीच तर त्याची बांधणी आहे. तुमचे ते प्रोग्राम सारखे घरी चुगल्या करत असतात, आज अमक्यानं काय उघडलं, तमक्यानं काय बंद केलं. कप्पा मला काहीही कळवत नाही. उद्या सगळ्यांनी तो काढून टाकला तरी मला कळणार नाही, आणि हजार दुकानांत चालत असला तरी कळणार नाही. विहिरीत दगड टाकावा आणि पाण्याचा आवाज येऊ नये, तसं आहे हे. पण ते मी स्वतःच ठरवून केलंय, तेव्हा तक्रार कुणाकडे करू?

गिऱ्हाइकांची यादीही नाही. लोकांची नावं आपल्या घरात कशाला?

संपर्काचं म्हणशील तर तिथे आधी एक फॉर्म होता. तो मधल्या कुठल्यातरी कंपनीतून फिरून यायचा, म्हणून काढला. पुढे नंबरही काढला. ज्याला गरज असेल तो शोधत येईल. हा तत्त्वाचा मुद्दा आहे, त्यावर वाद नको.

मथळा बरा आहे. फार सोपा आहे, पण बरा आहे.

वापरणाराच हवा असेल तर तुझ्या शहरात एक फ्रेमवाले आहेत, चित्रांना आणि फोटोंना चौकटी करून देतात. मामी त्यांच्याशी फोनवर बोलायची, तेव्हा कानावर पडलेलं आठवतं: घड्याळाच्या मनोऱ्यामागचा रस्ता, जिन्याखालचं दुकान. अजून असले तर विचार काय ते. नसले तर तेही कळव.

आणि घर असं अचानक का बदललंस? जावईबापूंची बदली झाली की काय? तुझ्या पत्रात ते कुठे दिसले नाहीत.

मामा

---

१६ मार्च

मामा,

सापडले! जिन्याखाली म्हणजे अगदी जिन्याखालीच, आत जाताना मी कपाळ आपटून घेतलं. फ्रेमवाले म्हणाले, “वाकून या. सगळे आधी आपटतात, मग वाकतात.” कानावर पेन्सिल, अंगभर लाकडाचा भुसा. भिंतीवर चौकटींचे नुसते कोपरे टांगलेत, शेकडो, आत चित्र कशातच नाही. मला ते बघून उगाचच भरून आलं. असो.

कोपऱ्यात संगणक होता, त्यावर जुन्या चादरीचा तुकडा. उचलला, तर खाली कप्पा! चालू! मामा, मी टाळी वाजवली. तुमच्या विहिरीत पाणी आहे.

पडद्याच्या कडेला एक कागद चिकटवलाय, त्यावर तुमचा नंबर. ते म्हणाले, “दोन वर्षं झाली, लावतोय. नुसता वाजत राहतो. कंपनी बुडाली काय?” मी सांगितलं की फोन बिघडलाय. ते म्हणाले, “दोन वर्षं?”

ते कशासाठी लावतात माहीत आहे? हिशेबाचं नवीन वर्ष सुरू झालं की कप्पा विचारतो: ‘चालू वर्ष कायमचे बंद होईल. ही क्रिया परत फिरवता येणार नाही. खात्री आहे?’ आणि खाली ‘होय’, ‘नाही’. हे वाचून त्यांना घाम फुटतो. पूर्वी ते दर वर्षी मामीला फोन करायचे आणि मामी सांगायची, “दाबा होय. काही जात नाही.” इतकंच. मग ते दाबायचे. दोन वर्षांत हे सांगायला कुणी नव्हतं, म्हणून रोज सकाळी ते दुकान उघडतात आणि ‘नाही’ दाबतात. बिलं अजून जुन्याच वर्षाची निघतात. छापून आली की ते साल पेन्सिलीनं खोडतात आणि नवीन लिहितात.

ते वाक्य तुम्हीच लिहिलंय ना? तुमच्या हाताची चव लगेच कळते.

त्यांनी मामीची चौकशी केली. मी काहीबाही बोलून विषय फ्रेमांवर नेला.

पानासाठी वाक्य मागितलं तर म्हणाले, “लिहा: कप्पा चांगला आहे, पण माणूस फोन उचलत नाही.” छापू का? चेष्टा नाही करत. नंबर हवाच, मामा. लोकांची माहिती त्यांच्या घरात राहू दे, पण तुम्ही कुठे राहता तेवढं तरी त्यांना कळू दे.

इकडे सगळे कामात आहेत.

टिटवी

---

२ एप्रिल

टिटवे,

उत्तराला उशीर झाला. लिहायला बसायचो आणि उठायचो.

फोन बिघडलेला नाही. त्याची वायर मीच काढलीय.

मामी गेली त्याच्या पुढच्या आठवड्यात फोन यायला लागले. हिशेबाचं वर्ष सुरू होत होतं, म्हणजे तुझ्या त्या फ्रेमवाल्यांसारखे सगळेच घाबरलेले. आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, “बाई आहेत का?” पहिल्याला सांगितलं, तो हळहळला. लगेच दुसऱ्याचा आला, त्यालाही सांगितलं. मग एका शिवणकाम करणाऱ्या बाईंचा आला. त्या रडायला लागल्या आणि मीच त्यांची समजूत घालत बसलो. संध्याकाळपर्यंत ती माझ्या तोंडून इतक्यांदा गेली की मी उठलो आणि वायर ओढून काढली. नंतर पानावरचा नंबर पुसला. यादी असती तर एकदाच सगळ्यांना कळवून मोकळा झालो असतो. पण यादी नाही. ज्याला कळायचं त्याला ते माझ्याच तोंडून कळणार, आणि एकेकट्याला.

तेव्हा तत्त्व आपल्या जागी खरं आहे, पण नंबर त्यासाठी काढलेला नाही. तुला मी खोटं सांगितलं.

आणखी एक. इतकी वर्षं मी समजत होतो की माझा प्रोग्राम उत्तम, म्हणून कुणी तक्रार करत नाही. तक्रारी येत होत्या. मामी त्या उंबऱ्याबाहेरच मिटवायची. माझ्या कानावर यायचं ते तिचं हसणं, आणि मी आतल्या खोलीतून ओरडायचो, “जरा हळू, इथे काम चाललंय.”

आता आवाज म्हणशील तर फ्रिजचा. तोही मधूनमधून बंद पडतो, तेव्हा मी उठून बघून येतो की त्याला काय झालं. मला फार एकटं वाटतं, टिटवे. हे तुझ्या आईला सांगू नकोस, ती बोचकं बांधून इथे राहायलाच येईल.

म्हणून नंबर नको. पान तुझ्या मनासारखं कर, मथळा तोच ठेव, पण नंबर नको. जूनपर्यंत बघू आणि मग मिटवू.

तुझ्या पाकिटावर पत्ता आहे ‘दुसरा मजला, मागची खोली’. नवरा-बायको मागच्या खोलीत संसार थाटत नाहीत. सांगावंसं वाटलं तर सांग. नाहीतर राहू दे, मी पुन्हा विचारणार नाही.

मामा

---

१२ एप्रिल

मामा,

मागच्या खोलीत एकच माणूस राहतं. बरोबर ओळखलंत.

आम्ही डिसेंबरात वेगळे झालो. भांडण नाही, आदळआपट नाही. एकमेकांना काही विचारायचंच संपलं होतं. तो जेवायला थांबायचा नाही आणि मला ते खटकायचं बंद झालं, तेव्हा मी बॅग भरली. खोलीत उजेड भरपूर आहे हे मात्र खरं. पलंग, टेबल, खिडकी आणि उजेड.

काम इथूनच करते. ऑफिसातले सगळे दिवसभर टाइप करतात, हसायचं असलं तरी टाइप करतात. परवा खाली दुकानात दूध मागायला तोंड उघडलं तर आवाज घोगरा निघाला, दुकानदार म्हणाला, काय म्हणालात? तेव्हा लक्षात आलं, दोन दिवस मी एक शब्दही बोलले नव्हते. आणि तुम्ही मला टिटवी म्हणता!

आईला मी सांगेन, तुम्ही नका सांगू. फिट्टंफाट. तुमचंही मी सांगणार नाही.

सोबत छोट्या डब्यात पेन ड्राइव्ह आहे. पान झालंय. पांढरं, मोकळं, वर मथळा, खाली कप्प्याचा पडदा, एक बटण. ढाल-कुलूप सगळं काढलं. त्यात दोन फोल्डर आहेत, एकाचं नाव ‘फोनशिवाय’ आणि दुसऱ्याचं ‘फोनसह’. बाकी सगळं सारखं. तुम्हाला हवं ते वेबसाइटवर चढवा, मी गळ घालत नाही. मामी रोज कुणाकुणाशी बोलायची त्याचं ओझं मला कळलं नव्हतं, आता कळलंय.

फक्त प्रोग्राममधलं ते वाक्य तेवढं बदला. ‘नवीन वर्ष सुरू करायचं? जुनं सगळं तसंच राहील.’ बघा, कसं वाटतं.

टिटवी

---

६ मे

मामा,

घाईत लिहितेय. पान अजून चढवलं नसलंत तर ‘फोनशिवाय’ चढवा. आणि काही केलं तरी फोनची वायर लावू नका.

मी फ्रेमवाल्यांकडे विषय बदलला असं लिहिलं होतं. तसं झालं नाही. त्यांनी विचारलं, “त्या बाई बऱ्या आहेत ना?” आणि माझ्या तोंडून गेलं, “हो, बऱ्या आहेत.” का गेलं ते मलाच कळत नाही. इतक्या दिवसांत तिच्याबद्दल मला कुणी असं विचारलंच नव्हतं, जशी ती आत स्वयंपाकघरात असावी. त्यांचा चेहरा असा खुलला की मला ते मागे घेता येईना. म्हणाले, “मग लावत राहतो. एक दिवस लागेल.”

म्हणजे ते अजून रोज नंबर लावत असणार. आणि तुम्ही उचललात तर आता ते नुसतं ‘बाई आहेत का’ विचारणार नाहीत, त्यांना माहीतच आहे की त्या आहेत. मी तुम्हाला कशात ढकललंय ते आता कळतंय. खरं सांगायला दोनदा त्या जिन्यापर्यंत गेले आणि मागे फिरले. या शनिवारी नक्की सांगते. तोवर वायर लावू नका.

टिटवी

---

११ मे

टिटवे,

तुझं पत्र काल आलं. फ्रेमवाल्यांचा फोन परवा आला. तेव्हा ‘वायर लावू नका’ याचा आता उपयोग नाही.

तुझं ते घोगऱ्या आवाजाचं वाचल्यावर मी आरशापुढे उभा राहून मोठ्यानं ‘हॅलो’ म्हणून बघितलं होतं. धड निघेना. मग प्रोग्राममधलं ते वाक्य बदलायला घेतलं. तुझं जसंच्या तसं घातलं, एक शब्दही इकडचा तिकडे केला नाही, हे नीट लक्षात ठेव, पुन्हा असं होणार नाही. ते काम झाल्यावर ‘फोनसह’ चढवलं आणि वायर खोचली. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी वाजला.

“लागला बाबा एकदाचा!” पलीकडचा माणूस म्हणाला. “फ्रेमवाला बोलतोय. बाईंना द्या जरा.”

मी म्हणालो, “ती बाहेर गेलीय.”

तुला काय बोलणार? तू एक खोटं बोललीस, त्याला मी जोड दिली.

“चालेल की,” ते म्हणाले. “दोन वर्षं थांबलो, आता घाई कसली? येऊ द्या त्यांना, मी फोन चालूच ठेवतो.” आणि त्यांनी रिसीव्हर टेबलावर ठेवून दिला.

मला त्यांची करवत ऐकू यायला लागली. मग लाकडावर हात झाडल्याचा आवाज. मग बारीक खिळे ठोकल्याचा. ते कुणाशीतरी म्हणाले, “जरा धर हे, सरळ धर.” या घरात इतक्या दिवसांनी कुणीतरी काम करत होतं. मी रिसीव्हर कानाला लावून खुर्चीत बसलो. मला वाटलं, असंच राहू दे. ती बाहेर गेलीय, ते थांबलेत, मीही थांबलोय. काय बिघडतंय?

पण तो माणूस खरंच थांबला होता गं. मधेच येऊन त्यांनी विचारलंसुद्धा, “आल्या का?”

मी म्हणालो, “अहो, ती यायची नाही. ती गेली. दोन वर्षं झाली.”

पलीकडे हातोडी टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, “पण तुमची भाची तर म्हणाली, बऱ्या आहेत...”

“तिला सांगवलं नाही,” मी म्हणालो. “मलाही आत्ता सांगवलं नाही.”

त्यांनी लांब श्वास सोडला. मला वाटलं, आता ठेवतील. ठेवला नाही. थोड्या वेळानं चाचरत विचारलं, “मग ते... ‘होय’चं कसं करू?”

“दाबा.”

“नक्की?”

“दाबा. काही जात नाही.”

हे म्हणालो आणि माझा आवाज फुटला. त्यांनी तो ऐकला असणार, पण तसं दाखवलं नाही. ‘टक’ असं वाजलं. मग म्हणाले, “हो. सगळं आहे.”

त्यानंतर आणखी दोघांचे आले, तुझं पान बघून. त्या शिवणकामवाल्या बाईंनी पुन्हा केला. प्रत्येक वेळी विषय तिच्यावर येतोच. सवय होत नाही, होईल असंही वाटत नाही. पण नंतर ते लोक तिच्याबद्दल काहीतरी सांगतात, जे मला माहीत नसतं. शिवणकामवाल्या बाई म्हणाल्या, त्यांच्या लेकीच्या पहिल्या बाळंतपणात त्या इतक्या घाबरल्या होत्या की मामी रोज दुपारी आपणहून फोन करायची. मी आत बसून काय करत होतो कोण जाणे.

जूनचं विचारू नकोस. मुदत मी कालच वाढवून टाकली. कप्पा राहील.

शनिवारी तू तिथे जाणार होतीस, गेली असशील तर त्यांनी तुला सांगितलंच असेल. नसशील गेली तर जा. ते रागावलेले नाहीत. आणि इकडे फोन कर. नंबर पानावर आहे, तूच टाकलायस. दुपारचा कर, त्या वेळी मला नुसतं बसवत नाही. तुला सुचलं नाही तर गप्प राहा. मी फोन चालूच ठेवेन.

ठेवण्याआधी फ्रेमवाले म्हणाले, “इतकी वर्षं बोललो, पण त्या दिसायच्या कशा ते मला माहीत नाही. एक फोटो पाठवा, चौकट मी करतो.” घरात मी तिचा एकही फोटो लावलेला नाही. कपाट उपसलं तेव्हा दोन निघाले. एक चांगला आहे, समोरून काढलेला, हसतेय. दुसऱ्यात ती खुर्चीत अर्धी वळून बसलीय, रिसीव्हर खांद्यात धरलाय, अर्धा चेहरा त्यानंच झाकलाय आणि कॅमेऱ्याकडे तिचं लक्षही नाही. तू म्हणशील पहिला पाठवा. मी दुसरा पाठवतोय, या पाकिटातच आहे, स्वतः नेऊन दे. ते तिला अशीच ओळखतात.

मामा